पहाटे चारला उठवतं कोण?

"पहाटे उठून केलेला अभ्यास डोक्यात पक्का बसतो." हे वाक्य ज्या मराठी घरात कधीच उच्चारलं गेलं नाही असं घर मला अजून भेटायचंय. दहावीचं वर्ष लागलं की घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या अंगात येतं. काका सांगतात पहाटे चारला ऊठ, मावशी सांगते मोठ्यांदा वाच, आणि आजोबा सांगतात की आम्ही कंदिलावर अभ्यास केला, तुम्हाला पंखा लागतो. रस्त्याच्या दिव्याखाली बसून मोठा झालेला कुणीतरी माणूसही हटकून निघतोच.

गेले काही महिने या सल्ल्यांचा इतिहास चाळतोय. निमित्त घरगुती आहे, ते पुढे येईलच. पण चाळता चाळता एक गंमत लक्षात आली. हे सगळे सल्ले कधीतरी कुणाच्या तरी खऱ्या गरजेतून निघालेले होते. गरज संपली, सल्ला तेवढा राहिला.

सुरुवात पंतोजींच्या शाळेपासून करू. कुणाच्या तरी ओसरीवर किंवा देवळात भरणारी शाळा. धुळपाटी, बोरू, मोडीचे कित्ते. छापील पुस्तक नाही, त्यामुळे 'वाचन' नावाचा अभ्यासही फारसा नाही. जे शिकायचं ते तोंडात आणि कानात. संध्याकाळी दिवेलागणीला परवचा. नुसते बे एके बे नव्हे, तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, हे आता सांगावं लागतं! सोळा आण्यांचा रुपया आणि चाळीस शेरांचा मण असलेल्या जगात हे पाढे म्हणजे पोट भरायचं साधन होतं. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि औटकीची नोकरी गेली.

परवच्याला आपण 'घोकंपट्टी' म्हणून नावं ठेवली. ठेवायलाही हवीत, कारण अर्थ न कळता म्हणणारेही असतच. पण त्यात एक शहाणपण होतं, ते आपण घोकंपट्टीबरोबर फेकून दिलं असं मला वाटतं. परवचा ही उजळणी होती, तीही रोजची, आणि पुस्तकात न बघता केलेली. १८८५ साली हर्मान एबिंगहाउस या जर्मन माणसाने निरर्थक अक्षरगट स्वतःच पाठ करून, ते कसे आणि किती वेगाने विसरले जातात हे मोजलं होतं. नवं शिकलेलं सुरुवातीला भराभर गळतं, मग गळती मंदावते. मधे मधे अंतर ठेवून उजळणी केली की गळती थांबते. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांच्या दोन तऱ्हा तपासल्या. एकांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्यांनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले.

आपल्याकडे मार्चच्या आदल्या रात्री जे चालतं ते पहिल्या प्रकारचं. पुस्तकावर पिवळ्या पेनाने रेघा मारायच्या आणि पान ओळखीचं वाटलं की आलं म्हणायचं. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर लिहायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. तो गोळा येणं हाच खरा अभ्यास, असं हे संशोधन म्हणतं. दिवेलागणीला आजी "पुस्तक ठेव आणि म्हण" असं म्हणायची तेव्हा तिला एबिंगहाउस माहीत नव्हता, पण ती म्हणायची ते बरोबरच होतं.

असो. परीक्षेकडे वळू.

परीक्षा पुण्याला नवी नव्हती. पेशव्यांच्या श्रावणमास दक्षिणेच्या वेळी शास्त्रीमंडळी विद्वानांची परीक्षा घेत आणि त्याप्रमाणे दक्षिणा ठरे. पेशवाई गेल्यावर त्याच दक्षिणेच्या पैशातून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. पण ती परीक्षा तोंडी, समोरासमोर आणि एका ठराविक समाजापुरतीच. १८५७ ला मुंबई विद्यापीठ झालं, १८५९ ला पहिली मॅट्रिक झाली आणि सगळं बदललं. त्या पहिल्या मॅट्रिकला शंभराच्या वर मुलं बसली, आणि पास झालेले दोन डझनही नव्हते. त्यात महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. १८६२ साली विद्यापीठाचे पहिले बी.ए. झाले ते चौघे. हे दोघे, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे.

बदललं काय? परीक्षक अनोळखी झाला. उत्तर कागदावर आणि तेही इंग्रजीत द्यायचं, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या तासात. परवचा चारचौघांत, अंगणात, मोठ्यांदा व्हायचा. मॅट्रिकचा अभ्यास मात्र एकट्याने, गप्प बसून, पुस्तकात डोळे घालून करायचा. त्याला तीन गोष्टी लागतात. शांत जागा, उजेड आणि दुसरं काम नसलेला वेळ. एकोणिसाव्या शतकातल्या किती घरांत या तिन्ही गोष्टी एकदम असतील? रानड्यांचं वाचन अफाट होतं आणि तरुणपणीच त्यांचे डोळे बिघडले, ते दुखणं त्यांना जन्मभर पुरलं. पण रानड्यांचे वडील सरकारी नोकरीत होते. ज्यांचं तसं नव्हतं त्यांची गोष्ट वेगळी.

धोंडो केशव कर्वे यांची गोष्ट शाळेत आपण सगळ्यांनी ऐकली आहे, फक्त ती 'जिद्दीची' गोष्ट म्हणून ऐकली. कोकणात दापोलीजवळच्या मुरूडचा मुलगा. मराठी सहावीची सरकारी परीक्षा पास झाली की शिक्षकाची नोकरी मिळू शकत होती. वर्ष १८७५, परीक्षेचं ठिकाण सातारा. मुरूड ते सातारा म्हणजे मधे अख्खा सह्याद्री. सोबत्यांबरोबर पायी निघायचं, घाट चढायचा, शंभर मैलांच्या वर चालायचं. एवढं करून धोंडो साताऱ्याला पोचला, आणि परीक्षेच्या कमिटीने सांगितलं की तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस, तुला बसता येणार नाही. झालं. आला तसा परत. पुढे कोल्हापूरला जाऊन त्याने ती परीक्षा दिली. मॅट्रिक झाला १८८१ साली, मुंबईच्या रॉबर्ट मनी शाळेतून, वयाच्या तेविसाव्या वर्षी. बी.ए. १८८४. आणि १८९१ पासून फर्ग्युसनमध्ये गणिताचा प्राध्यापक.

मला या गोष्टीत जिद्दीपेक्षा ते तेविसावं वर्ष महत्त्वाचं वाटतं. आज आपण सोळाव्या वर्षी दहावी 'सुटली' नाही तर घरात सुतक पाळतो. कर्व्यांना सात वर्षं उशीर झाला, त्यात बुद्धीचा दोष काही नव्हता. रस्ता नव्हता, केंद्र जवळ नव्हतं, पैसे नव्हते, आणि समोरच्या साहेबाला मुलाचं वय चेहऱ्यावरून ठरवायची मुभा होती.

आता त्या पहाटेच्या अभ्यासाकडे येतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मॅट्रिक झाले १९०७ साली, एल्फिन्स्टन हायस्कूलमधून. त्या वेळी कुटुंब परळच्या चाळीत राहत होतं. धनंजय कीरांच्या चरित्रात त्या खोलीचं वर्णन आहे. एकच खोली. त्यातच स्वयंपाक, त्यातच सामान, जातं, सरपण, शेळीसुद्धा. एवढ्या माणसांत पुस्तक उघडायला जागा कुठली? म्हणून सुभेदार रामजींनी एक व्यवस्था लावली. मुलाने संध्याकाळी लवकर झोपायचं. वडील जागे राहायचे. रात्री दोन वाजता मुलाला उठवायचं आणि मग त्याच्या जागेवर आपण पाठ टेकायची. मुलगा रॉकेलच्या मिणमिणत्या दिव्यावर उजाडेपर्यंत वाचणार.

हे मी पूर्वीही वाचलं होतं, पण या वेळी वाचताना थांबलो. म्हणजे रात्री दोन ही वेळ काही मेंदू ताजा असतो म्हणून निवडलेली नव्हती. दोन वाजता जमीन रिकामी व्हायची आणि आवाज थांबायचा, म्हणून निवडलेली होती. पहाट ही जागेची सोय होती! पुढच्या पिढ्यांनी खोली विसरली, वडिलांचं जागरण विसरलं आणि घड्याळाचा आकडा तेवढा लक्षात ठेवला. आज स्वतंत्र खोली असलेल्या मुलालाही आपण चारला उठवतो, आणि रात्री अकरापर्यंत क्लासच्या गृहपाठाला बसवतो. किशोरवयात झोपेचं घड्याळ आपोआप पुढे सरकतं, त्या वयाला आठ ते दहा तास झोप लागते, आणि दिवसभर वाचलेलं पक्कं होण्यात झोपेचा मोठा वाटा असतो, हे आता सर्वमान्य आहे. झोप कापून पहाट विकत घेणं हा तोट्याचा धंदा आहे. (ज्यांना पहाटे आपोआप जाग येते त्यांनी खुशाल उठावं. माझं भांडण गजराशी आहे.)

रामजींची दुसरी गोष्ट. मुलाला पुस्तकं हवी असत, आणि खिशात पैसे नसत. मग ते आपल्या लग्न झालेल्या मुलींकडे जात, उसने पैसे मागत, प्रसंगी मुलीचा दागिना गहाण पडे. शाळा सुटल्यावर मुलगा चर्नी रोडच्या बागेत वाचत बसे. तिथे येणाऱ्या कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींच्या तो नजरेस पडला, त्यांनी आपणहून चौकशी केली आणि पुस्तकं देऊ लागले. मॅट्रिकला गुण पडले ७५० पैकी २८२. आजच्या हिशेबाने सदतीस-अडतीस टक्के. सत्कार झाला, त्यात केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्या मुलाला भेट दिलं. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

एक मुलगा अभ्यासाला बसतो तेव्हा त्याच्या मागे किती माणसं उभी असतात बघा. जागा असलेला बाप, दागिना देणारी बहीण, बागेतला अनोळखी गुरुजी. 'अभ्यासाच्या चांगल्या सवयी' अशी पुस्तकं बाजारात ढिगाने मिळतात. नियमित वेळ ठेवा, एक जागा ठरवा, व्यत्यय टाळा. सगळं खरं आहे. पण ही तिन्ही कामं पोराच्या हातात कुठे असतात?

पुण्यात तर हे सगळं उघडच होतं. गावाकडून शिकायला आलेला गरीब मुलगा 'वार लावून' जेवायचा. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. ज्यांना वार मिळत नसत ते माधुकरी मागत. १९०९ साली निघालेलं अनाथ विद्यार्थी गृह, म्हणजे आजचं पुणे विद्यार्थी गृह, सुरुवातीला माधुकरीवरच चाललं. वारांची व्यवस्था बहुतेक ब्राह्मण मुलांपुरतीच होती हेही सांगायला हवं, नाहीतर आपण नुसतेच गहिवरतो. बहुजन मुलांसाठी जेवणाची आणि राहण्याची सोय उभी करायला भाऊराव पाटलांसारखा माणूस लागला. रयत शिक्षण संस्था १९१९ ची, साताऱ्याचं बोर्डिंग १९२४ चं, सगळ्या जातींची मुलं एकत्र. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याचं 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस' असं नामकरण झालं. पण मुलांचं धान्य संपलं तेव्हा अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही देणाऱ्या लक्ष्मीबाई पाटील १९३० साली गेल्या. बोर्डिंगमधून किती मुलं शिकून बाहेर पडली याचे आकडे पुष्कळ सापडतात. लक्ष्मीबाई पहाटे किती वाजता उठत होत्या ते कुणी लिहून ठेवलेलं दिसत नाही.

आणि मुली? रमाबाई रानड्यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे १९१० साली आलेलं पुस्तक मिळालं तर जरूर वाचा. नवरा शिकवायला बसलेला, न्यायाधीश, सुधारक. तरी घरातल्या बायकांच्या टोमण्यांनी शिकणं नकोसं व्हायचं. उजेड होता, पुस्तक होतं, शिक्षक तर घरातच होता. नव्हती ती मोकळीक. मुलीने पुस्तक घेऊन बसणं म्हणजे कामचुकारपणा, ही समजूत रमाबाईंच्या वेळची आहे असं आपल्याला वाटतं...

इथे लवळ्याला यायला हवं. आमचं गाव मुळशी तालुक्याच्या पुण्याकडच्या टोकाला. तालुक्याच्या वरच्या अंगाला मुळशीचं धरण. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी त्याविरुद्ध सत्याग्रह केला, तरी धरण झालंच. ते पाणी बोगद्यातून कोकणात भिऱ्याला पडतं आणि तिथे १९२७ पासून वीज तयार होते. ती वीज गेली मुंबईला, गिरण्यांना आणि रेल्वेला. ज्या तालुक्याच्या जमिनी बुडाल्या त्याच तालुक्यातली मुलं पुढची कित्येक वर्षं कंदिलाची काच पुसत होती. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ झालं १९६० साली, त्यानंतर हळूहळू खांब आले. म्हणून "आम्ही कंदिलावर अभ्यास केला" असं कुणी अभिमानाने म्हटलं की माझ्या मनात येतं, आजोबा, ती तुमची निवड नव्हती हो. तुमच्या वाटचा उजेड परळला गेला होता.

आता गावाच्या वर टेकडीवर सिंबायोसिसचं विद्यापीठ आहे, खाली फ्लेम विद्यापीठ आहे. रात्री टेकडीवर असे दिवे लागतात की जणू गावाला वरून कुणी बघतंय. देशभरातली, परदेशातलीही मुलं तिथे शिकायला येतात. गावातली किती तिथे पोचतात हा वेगळा लेख होईल.

मधला इतिहास भराभर सांगतो, कारण तो बहुतेकांनी भोगलेला आहे. शालान्त परीक्षेचं मंडळ १९४९ ला पुण्यात सुरू झालं आणि मॅट्रिकची एस.एस.सी. झाली, तरी पुढची तीस वर्षं लोक तिला मॅट्रिकच म्हणायचे. तेव्हा ती अकरावीला असे. नव्या आकृतिबंधाची पहिली दहावी १९७५ ची. मग गाईडं आली, अपेक्षित प्रश्नसंच आले, क्लासेस आले, गुणवत्ता यादीत आलेल्या मुलांचे पेढे भरवतानाचे फोटो आले. मंडळाने ती यादी बंद केली हे फार बरं केलं. अपेक्षित प्रश्नसंचाला मात्र मी सरसकट वाईट म्हणणार नाही. घड्याळ लावून, पुस्तक मिटून तीन तासांत सोडवला तर तो परवच्याचाच नातू आहे. उत्तरं समोर ठेवून नुसता 'वाचला' तर रद्दी. २०२१ साली कोविडमुळे दहावीची परीक्षाच झाली नाही, अंतर्गत मूल्यमापनावर ९९.९५ टक्के निकाल लागला. शंभर-सव्वाशे मुलांतून दोन डझनही पास न होण्यापासून इथपर्यंत!

तर निमित्त. आमच्या घरातली एक मुलगी यंदा दहावीला आहे. तुमच्यापैकी निम्म्या जणांना ती कोण ते ठाऊक आहे, नाव लिहिलेलं तिला आवडणार नाही. दिवाळीपासून तिला मिळालेले सल्ले मी एका वहीत लिहून ठेवले, चौतीस झाले. त्यात पहाटे उठण्याचे अकरा. मग एक आठवडा, तिला विचारूनच, तिचा दिवस लिहून काढला. सकाळी पाणी भरणं, धाकट्याचा डबा, शाळा, जाता-येता बसची वाट बघणं, क्लास, संध्याकाळच्या भाकऱ्या, आणि आल्यागेल्याचा चहा. आठवड्यात बावीस वेळा चहा. तिच्याच वयाचा तिचा चुलतभाऊ त्याच घरात राहतो, त्याच्या नावावर चहा शून्य. सलग पाऊण तास कुणी हाक न मारलेला असा तिला आठवड्यात तीनदाच मिळाला, तोही रात्री दहानंतर. आणि आपण तिला सांगतोय, एकाग्रता वाढव!

तिची अभ्यासाची पद्धत उत्तम आहे, खरं तर माझ्यापेक्षा चांगली. धडा वाचते, मिटते, आठवेल ते मागच्या वर्षीच्या वहीच्या कोऱ्या पानांवर लिहिते, मग पडताळते. चार दिवसांनी तोच धडा परत. कुणी शिकवलं विचारलं तर म्हणाली, "आजी पाढे असेच घ्यायची ना." तिला सवयी नको आहेत, तास हवे आहेत.

वहिनीशी आणि दादाशी बोलणं झालंय. दादा आधी हसला, मग ते बावीस कप मोजून बघितले आणि गप्प झाला. संध्याकाळी सहा ते आठ मागची खोली तिची, टीव्ही बंद, हाक मारायची नाही. भाकऱ्या वहिनी करेल, पाणी चुलतभाऊ भरेल (त्याचीही दहावी आहे, पण पाणी भरून कुणी नापास झाल्याची नोंद मला इतिहासात सापडली नाही). गजर रद्द. सकाळी सहाला तिची ती उठते.

तेव्हा नातेवाईक मंडळी, मार्च संपेपर्यंत लवळ्याला यायचं असेल तर रविवारी दुपारी या. सल्ले लिहून आणा, वहीत जागा आहे. चहा मी करीन.